कोऱ्या रकान्यातली अकरा माणसं

आजच्या समारंभाचे आणि आपल्या रुग्णालयाच्या विश्वस्त मंडळाचेही अध्यक्ष, आदरणीय रणधीरराव; त्यांच्या दोन्ही बाजूंना बसलेले सन्माननीय विश्वस्त; लोहारा, मुरूम आणि पार सीमेपलीकडच्या आळंदहून वेळ काढून आलेले पाहुणे; माझे सहकारी डॉक्टर, परिचारिका, वॉर्डातल्या मावशी आणि मामा; समोर दाटीवाटीनं बसलेले उमरग्याचे बंधुभगिनी; आणि ज्यांच्या नावाचा फलक माझ्या पाठीमागं लागलाय त्या सत्कारमूर्ती श्रीमती राजेश्वरी बिराजदार, म्हणजे आमच्या बिराजदार मॅडम, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मी डॉ. गोपाळकृष्ण आष्टेकर. गेली एकोणीस वर्षं इथल्या रक्तपेढीचं काम बघतो. निवेदकांनी मला सांगितलंय, डॉक्टर, दहा मिनिटं, आणि दोन गोड शब्द. दहा मिनिटांचं मी बघतो. गोड शब्दांचं मात्र आधीच सांगून ठेवतो, की ते सुरुवातीलाच येतील. तेवढे नीट ऐकून घ्या.

मॅडम या रुग्णालयात कधी आल्या, हे इथल्या निम्म्या लोकांना माहीत नाही. भूकंपानंतरच्या आठवड्यात आल्या. वय पंचवीस, टायपिंगची परीक्षा पास. बाहेरच्या व्हरांड्यात एक टेबल, त्यावर टाइपरायटर, आणि येणाऱ्या प्रत्येक जखमी माणसाचं नाव, गाव, कुठं पाठवलं ते टाइप करायचं. दोन प्रती मागितल्या होत्या, एक तहसीलला आणि एक रुग्णालयाला. मॅडमनी तिसरा कार्बन घातला आणि ती प्रत रोज घरी नेली. कुणी सांगितलं नव्हतं. पुढं पावसात तहसीलच्या तंबूतले कागद भिजले, इथली फाईल सोलापूरला गेली ती आलीच नाही, आणि लोक आपली माणसं शोधत मॅडमच्या दारात उभे राहिले. त्यांच्या आईनं तेव्हा पंधरा दिवस दारातच लोकांना चहा दिला, असं ऐकलंय.

पुढं कॉम्प्युटर आला. कुणाला हात लावायचा धीर नव्हता, म्हणून तो टायपिस्ट बाईंच्या टेबलावर ठेवला गेला. त्या शिकल्या. लातूरला बसनं जाऊन शिकल्या, पुस्तकं आणून शिकल्या. सर्व्हर आला तेव्हा त्याची खोली त्यांच्याकडं आली. आता सर्व्हर म्हणजे काय, हे आपल्यापैकी काहींना ठाऊक नसेल. प्रत्येक वॉर्डात, प्रत्येक टेबलावर जो कॉम्प्युटर दिसतो तो फक्त खिडकी आहे. माहिती आत, तळमजल्यावरच्या त्या थंड खोलीतल्या एका मोठ्या यंत्रात असते. तुमचं नाव, तुमचा आजार, तुमचा रक्तगट, तुम्हाला कोणतं औषध चालत नाही, सगळं तिथं. त्या खोलीच्या किल्ल्या मॅडमच्या कमरेला होत्या.

मॅडमचे काही नियम होते. आम्ही मागं हसायचो, ते मी कबूल करतो. एकाच दिवशी, एकाच खोक्यातून आलेल्या डिस्क त्या एका यंत्रात शेजारीशेजारी बसवू देत नसत. म्हणायच्या, एकत्र जन्मलेल्या आहेत, एकत्रच जातील. माहितीची एक प्रत इमारतीच्या बाहेर हवीच, असा त्यांचा हट्ट असायचा. आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्या एका रिकाम्या कॉम्प्युटरवर बॅकअप उघडून बघायच्या. मी एकदा विचारलं, “मॅडम, बॅकअप झाला असा संदेश रोज सकाळी येतो की. मग उघडून काय बघता?”

त्या म्हणाल्या, “सर, संदेश म्हणतो की पेटीला कुलूप लागलं. पेटीत काय आहे ते संदेशाला माहीत नसतं.”

गोड शब्द इथं संपले.

तेवीस सालची दिवाळी. म्हणजे दोन हजार तेवीस. जुना सर्व्हर थकला होता, त्याचे सुटे भाग मिळत नव्हते, म्हणून विश्वस्त मंडळानं नवीन घेतला. निर्णय योग्य होता. सुट्टीच्या चार दिवसांत सगळ्या नोंदी जुन्यातून नव्यात न्यायच्या होत्या. बाहेरून आलेल्या मुलांनी ते काम केलं, आणि मॅडम चारही दिवस त्यांच्याबरोबर होत्या. लक्ष्मीपूजनालासुद्धा. भाऊबिजेच्या दिवशी त्या माझ्याकडं एक यादी घेऊन आल्या. शंभर जुन्या रुग्णांची नावं.

“सर, नोंदी किती गेल्या आणि किती आल्या ते मी मोजलंय. आकडे जुळतात. पण आतलं बरोबर आलंय का, हे मला कळत नाही. ते तुम्हालाच कळणार. जुन्या सर्व्हरवर आणि नव्यावर ही शंभर पानं शेजारीशेजारी ठेवून बघा, आणि मग सही करा.”

मी काय केलं? सात पानं बघितली. सातच्या सात अलीकडच्या वर्षांची होती, कारण यादीत ती वर होती. सगळं ठाकठीक. मला भूमला जायचं होतं, बहीण वाट बघत होती. मी यादीखाली लिहिलं, ‘शंभर नोंदी तपासल्या, बरोबर आहेत’, आणि सही केली. तारीख घातली. शिक्का मारला.

इथं बसलेल्या किती जणांनी अशी एखादी सही आयुष्यात केली असेल? मी हात वर करायला सांगत नाही.

आता जे यादीत खाली होतं ते सांगतो. दोन हजार अकरा ते अठरा या आठ वर्षांत रक्तपेढीत नागप्पा कोरे नावाचे आमचे ज्येष्ठ तंत्रज्ञ होते. एखाद्या रुग्णाला रक्त दिल्यावर काही वेगळं घडलं, तर ते नागप्पा त्याच्या नोंदीपुढच्या रकान्यात मराठीत टाइप करून ठेवायचे. त्या काळात मराठी टाइप करायचं म्हणजे एक खास फाँट लागायचा. तो फाँट नसेल तर तीच अक्षरं कॉम्प्युटरला निव्वळ कचरा दिसायची. नोंदी हलवताना त्या मुलांच्या प्रोग्रॅमला तो मजकूर समजला नाही. त्यानं ना थांबून विचारलं, ना चूक दाखवली. त्यानं तो रकाना कोरा सोडला आणि पुढं गेला. माणसं तेवढीच आली, पानं तेवढीच आली, आकडे जुळले. चारशे बारा टिपा गेल्या आणि सगळे दिवे हिरवे राहिले.

दिवाळीनंतर जुना सर्व्हर भंगारात द्यायचा आदेश निघाला. मॅडमनी पेटी दिली, पण आतल्या चारही डिस्क काढून आपल्या लोखंडी कपाटात ठेवल्या. डिसेंबरात त्यांना कारणे दाखवा नोटीस गेली. संस्थेची मालमत्ता विनापरवाना ताब्यात ठेवल्याबद्दल. त्यांनी एका ओळीत उत्तर दिलं, ‘नवीन सर्व्हरला वर्ष पूर्ण होईपर्यंत देणार नाही.’ ती नोटीस आजही त्यांच्या सेवापुस्तकाला जोडलेली आहे, अध्यक्षमहोदय. शाल देण्याआधी ती काढून घेतली असती तर बरं दिसलं असतं.

दरम्यान एक गोष्ट आपोआप घडत होती. बॅकअपच्या प्रती आपण नव्वद दिवस ठेवतो, मग जुनी पुसून तिच्या जागी नवी घेतो. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत जुन्या सर्व्हरची शेवटची प्रत पुसली गेली. कोरे रकाने मात्र रोज इमानेइतबारे जपून ठेवले जात होते. मॅडम दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी बॅकअप उघडत होत्या आणि तो सर्व्हरशी ताडून बघत होत्या. दोन्हीकडं तेच. नंतर त्या मला म्हणाल्या, “सर, मी कोऱ्याशी कोरं ताडत होते.” त्यांनी स्वतःला हा दोष अजूनही लावून घेतलेला आहे. मी आज या माइकवरून सांगतो, तो त्यांचा नव्हता.

मार्च महिन्यात शांताक्का आल्या. तुरोरीच्या. वय त्रेसष्ट. अंगणात पाय घसरून पडल्या आणि मांडीचं हाड खुब्याजवळ मोडलं. त्यांचा मुलगा सोमलिंग हायवेवर ट्रक चालवतो. हैदराबादहून येताना फोन आला, तसा ट्रक दुसऱ्याच्या हवाली करून तो आला. ऑपरेशन ठरलं. रक्त लागणार होतं. मी स्वतः त्यांच्या खाटेजवळ गेलो, कारण आधी कधी रक्त घेतलंय का, हे विचारणं माझं काम आहे.

शांताक्का म्हणाल्या, “व्हय. पिशवी काढली तवा घेतलं हुतं की. इथंच. लई तरास झाला बगा मला. हुडहुडी भरली, डोळं पिवळं झालं. त्यो तुमचा म्हातारा कंपौंडर म्हनला हुता, आक्का, परत रगत घेताना सांगत जा.”

मी खिशातून मोबाइल काढला, त्यांची नोंद उघडली. दोन हजार सोळा, गर्भाशयाचं ऑपरेशन, दोन पिशव्या रक्त. पुढचा रकाना कोरा. मी तो पडदा त्यांना दाखवला. दाखवला, बरं का. वाचता न येणाऱ्या बाईला. आणि म्हणालो, “आजी, नोंदीत तसं काही दिसत नाही. ताप दुसऱ्या कशानं आला असेल.”

त्यांनी पडद्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, “मग न्हाय झालं आसंल. मिशनीला म्हाईत आसंल.”

आता दोन मिनिटं डॉक्टर म्हणून बोलतो, कारण हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. ए, बी, ओ हे रक्तगट सगळ्यांना माहीत आहेत. पण रक्ताच्या पेशींवर आणखी कितीतरी बारीक खुणा असतात. क्वचित एखाद्याच्या शरीराला दुसऱ्याच्या रक्तातली एखादी खूण खपत नाही, आणि ते तिच्याविरुद्ध एक हत्यार तयार करतं. त्याला आम्ही अँटीबॉडी म्हणतो. यातल्या काही अँटीबॉडी फार लबाड असतात. वर्ष-दोन वर्षांत त्या इतक्या कमी होतात की आमच्या कुठल्याही तपासणीत दिसत नाहीत. रक्त जुळवून बघितलं तर छान जुळतं. पण शरीर विसरलेलं नसतं. तसंच रक्त पुन्हा आत गेलं की दोन-तीन दिवसांत ते हत्यार शंभर पटीनं उभं राहतं आणि आलेलं रक्त आतल्या आत फोडून टाकतं. अशा माणसाला वाचवणारी एकच गोष्ट असते, कुणीतरी कधीतरी लिहून ठेवलेली एक ओळ. ती ओळ नागप्पांनी लिहिली होती.

मी नमुना तपासला. काहीही निघालं नाही. तीन पिशव्या जुळवल्या. दोन ऑपरेशनच्या दिवशी लागल्या, तिसरी त्यांच्या नावानं राखून ठेवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी शांताक्कांना थंडी वाजून ताप आला. दुपारपर्यंत डोळे पिवळे, लघवी काळसर, रक्त कमी झालेलं. सर्जनना वाटलं, आत कुठंतरी रक्तस्राव होतोय. त्यांनी राखून ठेवलेली तिसरी पिशवी मागवली. त्यांच्या जागी मी असतो तरी तेच केलं असतं.

त्या वेळी बिराजदार मॅडम वॉर्डात होत्या. प्रिंटर चालत नव्हता म्हणून आल्या होत्या. शेजारच्या खाटेवरून शांताक्का मुलाला सांगत होत्या, “मागच्या टैमाला बी आसंच झालं हुतं रं.”

मॅडमनी हातातली वायर खाली ठेवली. “आक्का, मागं म्हणजे कधी?”

“सात-आठ वर्सं झाली. पर डाक्टर म्हनले, मिशनीत न्हाय त्ये.”

विचार करा. मॅडमना रक्तातलं काही कळत नव्हतं. त्यांच्यासमोरही तीच नोंद होती, जी मी बघितली होती. मी शांताक्कांपेक्षा पडद्यावर विश्वास ठेवला. मॅडमनी आयुष्यभर पडदे सांभाळले आणि विश्वास बाईवर ठेवला. त्या तडक तळमजल्यावर गेल्या, कपाट उघडलं, त्या चार डिस्क रिकाम्या कॉम्प्युटरला जोडल्या. एक डिस्क फिरेचना. उरलेल्या तीन चालू झाल्या. नागप्पांच्या टिपा कचरा अक्षरांत समोर आल्या. जुना फाँट शोधून घातला. तासाभरात शांताक्कांची ओळ वाचता आली. मला ती पाठ आहे.

‘रक्त दिल्यावर पाचव्या दिवशी कावीळ. सोलापूरला नमुना पाठवला, अँटीबॉडी निघाली, रिपोर्ट जोडला आहे. पुढं कधीही रक्त देताना सोलापूरहून जुळवूनच द्यावं. या बाईला नुसत्या आपल्या तपासणीवर सोडू नये.’

मॅडम पंचावन्न पार केलेल्या. लिफ्ट बंद होती. त्या दोन मजले पळत गेल्या. सिस्टर पिशवी स्टँडला अडकवत होत्या. मॅडमनी पिशवी हातात धरली आणि म्हणाल्या, “हे लावू नका.”

सिस्टर म्हणाल्या, “मॅडम, सोडा. तुम्ही प्रिंटर बघा. डॉक्टरांची ऑर्डर आहे.”

“ऑर्डर देणाऱ्याला इथं बोलवा. तोवर मी हात काढणार नाही.”

मी वर पोचलो तेव्हा त्या तशाच उभ्या होत्या. दुसऱ्या हातात टिपेचा छापलेला कागद. मी तो वाचला. मला माझी सही आठवली. त्या शंभर जणांच्या यादीत शांताक्कांचं नाव होतं का? होतं. एकाहत्तरावं.

रणधीररावांकडून चिठ्ठी आली आहे. ‘आवरतं घ्या.’ आवरतो, अध्यक्षमहोदय. आपला मान राखून सांगतो, फार राहिलं नाही. पण जे राहिलं आहे त्यासाठीच मी उभा राहिलो आहे.

तिसरी पिशवी थांबली. सोलापूरहून योग्य रक्त आलं. शांताक्का जगल्या. पण फुटलेल्या रक्तानं मूत्रपिंडं बसली ती उठलीच नाहीत. आज त्या आठवड्यातून दोनदा सोलापूरला डायलिसिसला जातात. सोमलिंगनं लांबचे ट्रक सोडले आणि आईला नेता-आणता येईल असं इथल्याच गुदामात काम धरलं. मॅडमनी आजच्या समारंभाला दोघांना बोलावलं होतं. आज त्यांचा डायलिसिसचा वार आहे.

ताप आल्याच्या चौथ्या दिवशी मी त्यांना खरं काय ते सांगितलं. सोमलिंग भिंतीला टेकून उभा होता. तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, “तिनं सांगितलं हुतं की तुमाला.” मी म्हणालो, हो, सांगितलं होतं. शांताक्कांनी डोळे उघडले आणि मला विचारलं, “मग मी खोटं बोलले न्हवते तर?”

तीन दिवस तापात त्या बाई हाच विचार करत होत्या, की आपल्याला झालेला त्रास आपल्या मनानं रचला की काय.

आता पुढचं. चारशे बारा टिपांपैकी तीनशे पंचाहत्तर मॅडमनी त्या डिस्कवरून परत मिळवल्या. त्या सगळ्या माणसांना आम्ही गाठलं, कार्डं दिली. सदतीस टिपा मिळाल्या नाहीत. जुन्या सर्व्हरवर प्रत्येक गोष्ट जोडीच्या दोन डिस्कवर लिहिली जायची; जी डिस्क फिरली नाही तिची जोडीदार नेमकी त्या जागी खराब झालेली होती. टिपा किती तो आकडा दुसरीकडं मिळाला, पण कोणाच्या टिपा होत्या, ते त्याच जागी लिहिलेलं होतं. त्या काळातली कागदी रजिस्टरं मुदत संपल्यावर नियमानं नष्ट केलेली. आपल्याकडं त्या आठ वर्षांत रक्त घेतलेली माणसं नऊ हजारांच्या वर आहेत. त्यातली ही सदतीस कोण?

मॅडम आणि मी नागप्पांच्या घरी गेलो. निवृत्त झाल्यापासून ते कदेरला असतात, वय सत्तरीच्या आसपास. सहा रविवार गेलो. ते ओट्यावर बसायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे. “गुंजोटीची एक बाई. तिसरं बाळंतपण. नवरा टेलर. लिहा. येणेगूरचा एक पोरगा, ट्रॅक्टरखाली पाय आलेला. आता मोठा झाला असेल. लिहा.” मॅडम लिहायच्या, आणि आम्ही गावात जाऊन शोधायचो. एकही नाव चुकीचं निघालं नाही. सव्वीस माणसं त्या म्हाताऱ्यानं डोक्यातून काढून दिली.

सहाव्या रविवारीही त्यांनी डोळे मिटले. मग ते उघडून मॅडमकडं बघितलं. “अक्का, वही मिटा.”

मॅडम म्हणाल्या, “अप्पा, अकरा राहिलीत. आठवतील. आम्ही पुढल्या आठवड्यात येतो.”

“येऊ नका. आता जी नावं येतील ती मी बनवलेली असतील. मला फरक कळेनासा झालाय. चुकीच्या माणसाला कार्ड द्याल, आणि खरा तसाच राहील. लिहू नका.”

आम्ही वही मिटली.

अकरा माणसं आहेत. ती शेतात असतील, एसटीत असतील, लग्नं होऊन लातूरला, गुलबर्ग्याला गेली असतील. त्यांना बरं वाटतंय. आज बोलावून त्यांचं रक्त तपासलं, तरी बहुतेकांच्या रक्तात काहीही दिसणार नाही. एखादा अपघात, एखादं बाळंतपण, एखादं ऑपरेशन, आणि कुठल्यातरी रुग्णालयात माझ्यासारखाच एखादा डॉक्टर तपासून म्हणेल की छान जुळतंय. आम्ही ही बातमी जाहीर करावी असं मी दोनदा लेखी दिलं. लोक घाबरतील, नाव जाईल, असं मंडळाला वाटलं. गावोगावच्या दवाखान्यांना पत्रं गेली. ती कुणी वाचली, मला माहीत नाही.

आणि आता मॅडम जातायत. त्यांची जागा भरलेली नाही. सर्व्हर पुण्याची एक कंपनी तिथूनच बघणार आहे. मॅडम शिल्लक रजेवर गेल्या त्याला दोन महिने झाले. या दोन महिन्यांत पहिला सोमवार दोनदा आला. बॅकअप कुणीही उघडलेला नाही. रोज सकाळी माझ्या मोबाइलवर संदेश येतो, ‘यशस्वी’.

काल दुपारी मी सर्व्हरच्या खोलीत गेलो होतो. नवीन सर्व्हरच्या आठ डिस्क कारखान्यातूनच बसवून, एकाच खोक्यातून आल्या आहेत. त्यातल्या तिसऱ्या डिस्कवरचा दिवा पिवळा लुकलुकतोय. मी कंपनीला फोन केला. तिथला माणूस अतिशय नम्र होता. म्हणाला, “सर, आमच्याकडं सगळं हिरवं दिसतंय.” मी म्हणालो, मी समोर उभा आहे. तो म्हणाला, “तक्रार नोंदवून घेतो.” आज सकाळी मी परत बघून आलो. आता पाचव्या डिस्कचाही पिवळा झाला आहे.

समोर आपल्या इतर संस्थांतले, शाळांतले, पंचायतीतले लोक बसले आहेत. तुमच्याकडंही अशी एक खोली असेलच. उद्या जाऊन बॅकअप उघडून बघा. दुसऱ्या यंत्रावर उघडा, आणि ज्याला आतलं कळतं त्याला शेजारी बसवा. जुनं यंत्र भंगारात देताना त्याच्या डिस्क वर्षभर ठेवा. प्रत पुसायची मुदत कुणी ठरवली आणि का ठरवली, ते विचारा. हे सगळं मी मॅडमच्या तोंडून वीस वेळा ऐकलं होतं. ऐकणं आणि करणं यात जे अंतर पडलं, त्यात तुरोरीची एक बाई सापडली.

मॅडम, तुम्ही मघापासून मान खाली घालून बसला आहात. तुम्हाला हे भाषण आवडलं नसेल, मला ठाऊक आहे. मुलीकडं लातूरला जा, विश्रांती घ्या. तुम्ही थांबावं असं मी म्हणणार नाही, बत्तीस वर्षं थांबलात. पण तुमच्या कपाटातल्या त्या चार डिस्क मी काल माझ्या कपाटात आणून ठेवल्या. मागायला कुणी आलं तर उत्तर मीही एका ओळीतच देईन.

विश्वस्त मंडळानं मला बोलायची संधी दिली, आपण सर्वांनी इतका वेळ शांतपणे ऐकून घेतलं, मंडप, ध्वनिक्षेपक आणि जेवणाची व्यवस्था बघणाऱ्यांनी सकाळपासून कष्ट घेतले, सर्वांचे मनापासून आभार. बोलताना कुणाचा मान राखायचा राहिला असेल, शब्द अधिक-उणा गेला असेल, तर मोठ्या मनानं क्षमा करावी.

आता एक विनंती, आणि ही माझी एकट्याची आहे, मंडळाची नाही. दोन हजार अकरा ते अठरा या काळात आपल्यापैकी कुणी, किंवा तुमच्या घरातल्या कुणी, आपल्या रुग्णालयात रक्त घेतलं असेल, आणि त्यानंतर आठ-पंधरा दिवसांत थंडी-ताप आला असेल, डोळे पिवळे झाले असतील, किंवा पुढं सांभाळा असं कुणी सांगितलं असेल, तर उगाच भिऊ नका. जोवर रक्त घ्यायची वेळ येत नाही तोवर धोका नाही. पण सांगितल्याशिवाय घरी जाऊ नका. आमच्या रक्तपेढीतल्या निकिता मागच्या दारात टेबल टाकून वही घेऊन बसल्या आहेत. नाव, गाव, साल, आणि काय झालं होतं ते त्यांना सांगा. साल आठवत नसेल तर मूल केवढं होतं ते सांगा. जेवण थांबेल.

तिकडं खांबाजवळ कुणीतरी उभं राहिलंय. ताई, बसू नका. इकडं पुढं या. सावकाश, वायर आहे तिथं. त्यांना जरा वाट द्या.

हां. गाव कोणतं, ताई, तुमचं?